मात्रा

औषधाची मात्रा, तालाची मात्रा, वृत्तातली मात्रा. एकच शब्द तिन्हीकडे चालतो आणि तिन्हीकडे त्याचा अर्थ मोजून दिलेला वाटा असाच आहे. ज्या आठवड्यात आई किंवा बाबा संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून दोन पाळ्या करणार असतात, मधल्या एका दिवशी मुलांना घेऊन दालनं बघायची असतात आणि शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून वाद्यवृंद ऐकायला जायचं असतं, त्या आठवड्याची आखणी करताना घड्याळाच्या आधी हा शब्द आठवावा. संग्रहालयात रंग थोडेथोडे खर्च होत असतात, दालनात मुलांचं लक्ष, कार्यक्रमात कान. लक्ष रात्रीच्या झोपेनं भरून येतं. कान काही अंशी सावरतात. उडालेला रंग मात्र परत येत नाही.

रंगाचा हिशोब सगळ्यांत सोपा. कापड, जलरंगातली चित्रं, हस्तलिखितं, पिसं अशा नाजूक वस्तूंवर साधारण 50 लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू देऊ नये, असा संग्रहालयांचा रूढ नियम आहे. तैलचित्रांना 200 लक्सपर्यंत चालतं. आता 50 लक्सच्या दालनात एखादं वस्त्र दिवसाला 8 तास, वर्षाचे 300 दिवस मांडलं, तर त्याच्या वाट्याला 1,20,000 लक्स-तास आले. भर दुपारच्या थेट उन्हात उजेड 1,00,000 लक्सच्या आसपास जातो. म्हणजे वर्षभर जपून मांडलेल्या वस्त्रानं जेवढा उजेड खाल्ला, तेवढा उन्हात 72 मिनिटांत खाऊन होतो. त्यात उन्हातले अतिनील किरण वेगळेच. ते रंगाबरोबर धागाही ठिसूळ करतात.

म्हणून दालनातल्या पाळीतलं सगळ्यांत मोलाचं काम बहुतेक वेळा अगदी साधं असतं. सरकलेला पडदा ओढणं, बघून झाल्यावर काचपेटीवरचं आच्छादन पुन्हा टाकणं, दालन रिकामं झालं की दिवे मंद करणं. एखाद्या पेटीवर उन्हाचा कवडसा सरकत येताना दिसला, तर वेळ आणि तारीख दोन्ही लिहून संवर्धकाला, म्हणजे वस्तू जपण्याचं काम बघणाऱ्याला, कळवावं. तारीख महत्त्वाची, कारण कवडसा ऋतूप्रमाणे जागा बदलतो. सहा महिन्यांपूर्वी तपासून निर्धोक ठरवलेल्या खिडकीतून आज ऊन थेट चित्रावर येत असू शकतं. रोज त्याच दालनात उभ्या असलेल्या माणसाला हे दिसतं, कार्यालयात बसलेल्याला दिसत नाही.

उजेडाचा मार मोजायला संग्रहालयांत ब्लू वूल पट्टी वापरतात. निळ्या लोकरीचे आठ तुकडे, 1 पासून 8 पर्यंत. पहिला सगळ्यांत लवकर विटतो आणि पुढचा प्रत्येक त्याच्या मागच्यापेक्षा अंदाजे दुप्पट-तिप्पट टिकतो. अर्धी पट्टी झाकून ती वस्तूशेजारी ठेवतात आणि काही महिन्यांनी झाकलेला भाग उघड्या भागाशी ताडून बघतात. मुलांना हे समजावून सांगण्यापेक्षा करून दाखवावं. सोमवारी सकाळी रंगीत क्राफ्ट पेपरच्या चार-पाच रंगांच्या पट्ट्या एका पुठ्ठ्यावर चिकटवाव्यात, वरून अर्ध्या भागावर ॲल्युमिनियमची फॉइल घट्ट गुंडाळावी आणि पुठ्ठा उन्हाच्या खिडकीत उभा करावा. पुठ्ठ्यामागे तारीख लिहून आठवडाभर त्याला हात लावायचा नाही.

दुसरी पाळी साठवण खोलीतली असेल, तर तिथलं काम वेगळ्या जातीचं. मुलांना बरोबर नेता येईल का, हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. साठवण खोलीत नेऊ नये. एक तर तिथल्या फडताळांमध्ये वस्तू दाटीनं असतात. आणि दुसरं कारण जास्त गंभीर आहे: जुन्या काळी पेंढा भरलेल्या प्राणी-पक्ष्यांना कीड लागू नये म्हणून आर्सेनिक चोळत. ते आजही पिसांत, केसांत, तळाशी साठलेल्या धुळीत असतं. मोठ्यांनीही अशा नमुन्यांना नायट्राइल (कृत्रिम रबराचे) हातमोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही.

हातमोज्यांबद्दल गैरसमज फार आहेत. पांढरे सुती मोजे छायाचित्रांत शोभतात, पण ते निसटतात, कागदाच्या फाटक्या कडेत अडकतात आणि घाम आरपार जाऊ देतात. कागद आणि हस्तलिखितं हाताळताना धुतलेले, पूर्ण कोरडे हात बहुतेक वेळा जास्त सुरक्षित, कारण बोटांना पान जाणवतं. पितळ, कांसं, चांदी यांना मात्र नायट्राइलच हवेत. बोटांच्या घामातले क्षार धातूवर राहिले की काही आठवड्यांनी ठशाची रेघ न् रेघ गंजून वर येते आणि ती पुसून जात नाही. अंगठी, घड्याळ, बांगड्या, गळ्यात लोंबणारं ओळखपत्र काढून ठेवायचं. हाताला क्रीम लावून यायचं नाही. टेबलाजवळ पेन नको, फक्त पेन्सिल. वस्तू उचलण्याआधी ती कुठे ठेवणार ती जागा आधी मोकळी करायची. दोन्ही हात भरलेले असताना जागा शोधत उभं राहणं हे वस्तू फुटण्याचं नेहमीचं कारण आहे. मूठ, कान, कडी धरून काही उचलायचं नाही. पूर्वी कुणीतरी तिथेच धरून उचललेलं असतं आणि तिथेच ती वस्तू मोडून पुन्हा जोडलेली असते.

या खोलीत शिकण्यासारखं सगळ्यांत सुंदर काम म्हणजे वस्तूवर नोंदक्रमांक घालणं. क्रमांक सुटला की वस्तूचा इतिहास सुटला: कुठली, कुणाकडून आली, कधी आली, यातलं काहीही वस्तूकडे बघून परत मिळत नाही. आणि तरीही तो क्रमांक उद्या गरज पडली तर काढता आला पाहिजे. म्हणून शाई थेट वस्तूवर कधी लागत नाही. आधी जागा निवडायची: मांडल्यावर दिसणार नाही, पण वस्तू उलटीपालटी न करता वाचता येईल अशी, झिजणारी नको, तडा गेलेली नको, जिच्यावर वस्तू टेकते ती तर नकोच. मऊ ब्रशनं धूळ काढायची. मग ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-72 या राळेचा पातळ थर द्यायचा, लांबीला क्रमांकापेक्षा जरासाच जास्त. ब्रश एकदाच ओढायचा. पुन्हा पुन्हा फिरवला की बुडबुडे येतात, आणि वाळल्यावर त्या खळग्यांमध्ये शाई पसरते. दमट दिवशी थर वाळताना दुधाळ होतो, कारण ॲसिटोन भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर धरतं. अशा दिवशी काम पुढे ढकलणं बरं. थर बोटाला अजिबात चिकट लागत नाही इतका वाळला की बारीक टोकाच्या पेननं, रंगकण असलेल्या शाईनं क्रमांक लिहायचा; काळ्या दगडावर किंवा गडद लाकडावर पांढरी शाई. ती वाळली की वरून संरक्षक थर.

बहुतेकांचं चुकतं ते इथे. वरचा थरही ॲसिटोनमधलाच असेल, तर तो खालचा थर पुन्हा मऊ करतो आणि लिहिलेला क्रमांक ब्रशबरोबर फरफटत जातो. यावर दोन उपाय आहेत: एकाच हलक्या, झटपट फटक्यात थर देऊन ब्रश उचलायचा, किंवा वरच्या थरासाठी वेगळ्या द्रावकातली राळ घ्यायची. प्लास्टिक, लाखकाम आणि रंगवलेला पृष्ठभाग यांच्या जवळ ॲसिटोन न्यायचंच नाही. त्यांना बांधायची चिठ्ठी. कापडाला सुती फितीवर क्रमांक लिहून ती दोन-चार सैल टाक्यांनी शिवायची, सुई धाग्यांच्या मधून काढायची, धागा भोसकून नाही. कागदाला मागच्या बाजूला मऊ पेन्सिल, खाली कडक पाटी ठेवून, म्हणजे पुढच्या बाजूला अक्षरांचे उठाव येत नाहीत. नवख्या माणसानं तीन तासांत आठ-दहा वस्तू नीट केल्या तरी ते काम चांगलं झालं. वीस करण्याच्या घाईत एका वस्तूवर दुसरीचा क्रमांक पडतो, आणि ती चूक सापडायला वर्षं जातात.

कीड लागलेली लोकर किंवा लाकूड दिसलं, तर ते तिथल्या तिथे पॉलिथिनच्या पिशवीत बंद करून वरिष्ठांना दाखवायचं. फवारा मारायचा नाही. पुढे ते बहुधा उणे 30 अंशांवर तीन दिवस किंवा उणे 20 अंशांवर दोन आठवडे गोठवलं जातं. बाहेर काढल्यावर पिशवी निदान दिवसभर उघडायची नाही, नाहीतर गार वस्तूवर दव धरतं.

आता मुलांना घेऊन जायचा दिवस. तो पाळीच्या दिवशी जोडून ठेवू नये; तीन तास फरशीवर उभ्या राहिलेल्या पालकाच्या पायात मुलांसाठी काही उरलेलं नसतं. संग्रहालयात माणूस का थकतो, याचा विचार शंभर वर्षांपूर्वीच झालेला आहे. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातले बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी 1916 मध्ये ‘संग्रहालयाचा थकवा’ या विषयावर लेख लिहिला. त्यांनी एका माणसाला मांडलेल्या वस्तूंबद्दल साधे प्रश्न दिले आणि उत्तरं शोधताना त्याला कसं वाकावं, उकिडवं बसावं, मान वाकडी करावी लागते याची छायाचित्रं काढली. थकवा वस्तूंच्या संख्येइतकाच मांडणीच्या उंचीतून येतो, हे त्या छायाचित्रांत दिसतं. मोठ्या माणसाच्या डोळ्यांसाठी लावलेल्या चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 150 सेंटीमीटरवर असतो. सात वर्षांच्या मुलाचे डोळे 110 सेंटीमीटरच्या आसपास. गिलमन यांच्या माणसाला जे खाली वाकून करावं लागलं, ते मुलाला तासभर मान वर करून करावं लागतं, आणि काचेवर वरच्या दिव्याची तिरीप नेमकी त्याच्याच डोळ्यांत येते. मूल ‘कंटाळा आला’ म्हणतं तेव्हा पुष्कळदा त्याला काही दिसत नसतं. आपण एकदा त्याच्या उंचीवर उकिडवं बसून त्याच पेटीकडे बघावं.

दुसरी अडचण अंधाराची. बाहेरच्या लखलखीत उन्हातून थेट 50 लक्सच्या वस्त्रदालनात शिरलं, तर डोळे सरावायला काही मिनिटं लागतात, आजी-आजोबांना त्याहून जास्त. तेवढ्या वेळात मुलांनी ‘इथे काहीच नाही’ असं ठरवून टाकलेलं असतं. म्हणून आधी दगडाचं किंवा मातीच्या भांड्यांचं दालन घ्यावं, तिथे उजेड मध्यम असतो. दहा मिनिटांनी वस्त्रांकडे वळावं. तिथे गेल्यावर मुलांना 72 मिनिटांचा हिशोब सांगावा. अंधार कुणाच्या तरी भल्यासाठी आहे हे कळलं की मुलं कुजबुजून बोलायला लागतात, त्यांना सांगावं लागत नाही.

मन लावून बघण्याची मात्रा सर्वसाधारण माणसाचीही अर्ध्या ते पाऊण तासाचीच असते. मुलांसाठी पाच वस्तू पुरे. आधी स्वच्छतागृह, मग पाठीवरच्या पिशव्या जमा करणं (वळताना पाठीवरची पिशवी कशाला लागली हे मुलाला कळत नाही), मग सगळ्यांत लांबच्या दालनापासून सुरुवात, म्हणजे थकवा येईल तेव्हा पाय दाराकडे वळलेले असतात. प्रत्येक वस्तूपाशी माहितीफलक वाचण्याआधी एकच प्रश्न: हिचा कुठला भाग झिजलाय? भांड्याच्या तळाची कड, मुठीची एक बाजू, कुलपाभोवतीचे ओरखडे. झीज शोधताना मूल वस्तू वापरणाऱ्या हातापर्यंत पोचतं, डावखुरा होता का इथपर्यंत. मग फलक वाचावा. पंचवीस मिनिटांनी बाकावर बसायचं, एका वस्तूचं पेन्सिलनं चित्र काढायचं. चांगलं आलं पाहिजे असं नाही. चित्र काढणारा माणूस एका ठिकाणी पाच मिनिटं थांबतो, एरवी काही सेकंदांत पुढे सरकतो. पाच वस्तू झाल्या की निघायचं. मूल अजून बघू म्हणत असेल तरी निघायचं, ते पुढच्या खेपेसाठी राहू द्यावं.

मधले एक-दोन दिवस बागेत, टेकडीवर, पाण्याकाठी. त्यांना आखणी नको. फक्त एक सांभाळावं: शनिवारी कार्यक्रम असेल, तर त्या आठवड्यात प्रवासात मुलांच्या कानांना हेडफोन नको. कारण कानाची मात्रा दिवसाची नसून आठवड्याची धरतात.

हा हिशोब नीट समजून घ्यावा असा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी 2019 मध्ये ऐकण्याच्या उपकरणांसाठी जे मानक जाहीर केलं, त्यात मोठ्यांसाठी आठवड्याला 80 डेसिबलचे 40 तास आणि मुलांसाठी 75 डेसिबलचे 40 तास अशी मर्यादा आहे. आवाज 3 डेसिबलनं वाढला की त्यातली ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करायचा. मुलांच्या बाबतीत 78 ला 20 तास, 81 ला 10, 84 ला 5, 87 ला अडीच आणि 90 डेसिबलला सव्वा तास. ध्वनिवर्धक लावलेल्या कार्यक्रमात 90 हा आकडा फार मोठा नाही. म्हणजे मुलाच्या कानाची आठवड्याची मात्रा 75 मिनिटांत संपली, जवळपास तेवढ्याच वेळात, जेवढ्यात उन्हानं वस्त्राचं वर्ष संपवलं. 96 डेसिबलला ती 19 मिनिटांत संपते. जागतिक आरोग्य संघटनेनंच 2022 मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी मानक काढलं, त्यात सरासरी 100 डेसिबल ही कमाल मर्यादा आहे. ती जमलेल्या सगळ्या श्रोत्यांसाठी आहे, खास मुलांच्या कानांसाठी नाही.

जागा निवडताना स्पीकर कुठे आहेत ते आधी बघावं, मंच नंतर. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की एका स्पीकरचा आवाज सुमारे 6 डेसिबलनं उतरतो: 5 मीटरवरून 20 मीटरवर गेलं तर 12 डेसिबल कमी. उंच टांगलेल्या स्पीकरच्या माळा असतील, तर उतार त्याहून कमी असतो, आणि बंद सभागृहात भिंतींवरून परतणारा आवाज धरला तर आणखी कमी. तरी मधल्या किंवा मागच्या एक-तृतीयांश भागातली, वाटेलगतची जागा मुलांसाठी चांगली. मंचासमोर जमिनीवर ठेवलेल्या सबवूफरजवळ मुळीच नको. ध्वनिवर्धकाशिवायचा वाद्यवृंद असेल, तर मात्र पुढे आणि बाजूला बसावं, जिथून वाजवणाऱ्यांचे हात दिसतात. फक्त पितळी वाद्यांच्या तोंडासमोर आणि झांजांच्या शेजारी नको.

मागे बसण्यात एक गंमतही आहे. आवाज हवेत 20 अंश तापमानाला सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. मंचापासून 34 मीटरवर बसलेल्या मुलाला ढोलावर काठी पडलेली आधी दिसते आणि घाव एक दशांश सेकंद उशिरा येतो. ध्वनिवर्धक नसेल तेव्हा हे स्वच्छ कळतं. एकदा दाखवलं की मूल उरलेला वेळ काठीकडे बघत बसतं.

लहान मुलांना कानात घालायचे प्लग देऊ नयेत, तोंडात जाण्याचा धोका असतो, त्यांना पूर्ण कान झाकणारे इअरमफ. ते शनिवारी पहिल्यांदा घालायचे नाहीत. आठवडाभर घरी रोज दहा मिनिटं घालून खेळू द्यावं, नाहीतर गर्दीत पहिल्या पाच मिनिटांत काढून फेकले जातात. गादी कानाभोवती पूर्ण टेकली पाहिजे. चष्म्याची जाड दांडी, टोपीची कड किंवा अंबाडा मध्ये आला की फट पडते, आणि फटीतून सगळ्यात आधी खालचे सूर आत येतात. वेष्टनावर 25 डेसिबल लिहिलेलं असलं, तरी प्रत्यक्षात 15 धरून चालावं. 90 चे 75 झाले तरी मुलाची मात्रा सांभाळली जाते. पण ‘एवढं एकच गाणं’ म्हणून 96 डेसिबलमध्ये पाच-पाच मिनिटं दोनदा काढले, तर आठवड्याचा निम्मा वाटा तिथेच गेला.

मोठ्या मुलांना आणि आपल्याला फोमचे प्लग चालतात, फक्त घालता आले पाहिजेत. कोरड्या, स्वच्छ बोटांत प्लग सुरकुती न पडता बारीक वळायचा. दुसरा हात डोक्यावरून आणून कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे कानाची वाट सरळ होते. मग प्लग आत सारून अर्धा मिनिट बोटानं दाबून धरायचा, फुगेपर्यंत. आपलाच आवाज पिंपात बोलल्यासारखा घुमला तर नीट बसला. नुसता कानाच्या तोंडाशी कोंबलेला प्लग जवळजवळ काहीच करत नाही. फोम वरचे सूर जास्त कापतो, म्हणून गाणं उशीतून आल्यासारखं लागतं. ज्यांना ते सोसत नाही त्यांनी संगीतासाठीचे गाळणीचे प्लग घ्यावेत, ते सगळे सूर जवळपास सारखे उतरवतात. मध्यंतरात बाहेर शांत जागी जाऊन यावं.

घरी आल्यावर मुलांना विचारावं: कानात शीळ वाजतेय का, बोलणं दबकं ऐकू येतंय का? दोन्हीचा अर्थ मात्रा ओलांडली. बहुधा एक-दोन दिवसांत ते थांबतं, पण थांबलं म्हणजे सगळं पूर्ववत झालं असं नाही. शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी 2009 मध्ये उंदरांवर केलेल्या अभ्यासात असं आढळलं, की ऐकण्याची पातळी पूर्वीसारखी झाल्यावरही कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे दुवे कायमचे गेलेले होते. माणसाच्या प्रत्येक कानात अशा साधारण 15,000 केसपेशी असतात आणि गेलेल्या पेशी नव्यानं उगवत नाहीत. शीळ दोन दिवसांनंतरही राहिली, तर कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्यावी.

रविवारी घरात शांतता असू द्यावी. सकाळी खिडकीतला पुठ्ठा काढून टेबलावर ठेवावा आणि फॉइल मुलांनाच सोडू द्यावी. आठवडाभर चांगलं ऊन मिळालं असेल, तर निदान एक-दोन रंगांवर झाकल्या-उघड्याची सरळ रेघ दिसेल. कुठला रंग जास्त उडाला ते मुलांनी पुठ्ठ्याच्या मागे, सोमवारच्या तारखेखाली पेन्सिलनं लिहावं. रेघ दिसली नाही, तर फॉइल त्याच जागी पुन्हा गुंडाळून पुठ्ठा आणखी आठवडाभर खिडकीत.